आरपी आणि डोळ्याच्या पडद्यातलं रसायन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवते आणि माझ्या धाकट्या भावाला आरपी (रेटिनायटिस पिगमेंटोसा, जीनच्या दोषाने होणारा पडद्याचा आजार) आहे, त्यामुळे त्याच्या ओळखीतून, मग त्या ओळखीच्यांच्या ओळखीतून मला प्रश्न येत राहतात. बरेचसे तेच ते असतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली. मी डोळ्यांची डॉक्टर नाही, औषध चालू करणं किंवा बंद करणं हे तुमच्या रेटिनाच्या डॉक्टरांशी बोलूनच करा. सगळ्यात जास्त प्रश्न "कोणती गोळी घेऊ" असे असतात, पण प्लीज थेट तिथं उडी मारू नका, आधी प्र. ३ ते ६ वाचा, म्हणजे एकाला चालणारी गोळी दुसऱ्याला का घातक ठरते ते कळेल.

१. आरपी म्हणजे नक्की काय? सगळ्यांचा आजार एकच असतो का?

नाही, एकच नसतो. रेटिनायटिस पिगमेंटोसा हे एका ठराविक चित्राला दिलेलं नाव आहे: आधी अंधारात दिसेनासं होतं, मग बाजूचं दिसणं आत आत सरकत येतं, आणि मधली नजर बहुतेकांत बऱ्याच उशिरापर्यंत टिकते. हे चित्र ८० पेक्षा जास्त वेगवेगळ्या जीन्सपैकी कुठलाही बिघडला तरी तयार होऊ शकतं. त्या प्रत्येक जीनचं प्रोटीन वेगळं, काम वेगळं, म्हणून बाहेरून दोन पेशंट सारखे दिसले तरी पडद्याच्या आत दोन अगदी वेगळे बिघाड चालू असतात. जगात साधारण ४००० माणसांमागे एकाला आरपी असतो असं धरतात. आपल्याकडे प्रमाण जास्त दिसतं, नागपूरजवळच्या खेड्यांमध्ये झालेल्या सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडीत मोठ्या माणसांमध्ये ते साधारण ७५० मागे एक इतकं निघालं. असं का, ते प्र. १५ मध्ये.

२. मुलाला संध्याकाळनंतर दिसत नाही. सासूबाई म्हणतात अ जीवनसत्त्व कमी आहे, गाजर-पपई द्या. असू शकतं का?

असू शकतं, आणि ते आधी तपासलंच पाहिजे, कारण ते बरं होतं. अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा रातांधळेपणा योग्य डोस मिळाला की सहसा काही दिवसांतच सुधारायला लागतो. लहान मुलांना ९ व्या महिन्यात १ लाख युनिट आणि मग ५ वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख युनिट सरकारी कार्यक्रमात देतात ते याचसाठी. अशा मुलांत डोळ्याच्या पांढऱ्या भागावर कोरडेपणा, कधी फेसासारखे डाग दिसतात.

आरपीत रक्तातलं अ जीवनसत्त्व बहुतेक वेळा नॉर्मल असतं. कमतरता नसते, पेशीतली यंत्रणा बिघडलेली असते, त्यामुळे गाजराने नुकसान नाही पण फायदाही नाही. डोस देऊन महिना गेला, मूल अजूनही संध्याकाळी दाराच्या चौकटीला धडकतंय, तर वाट बघत बसू नका, ईआरजी (उजेडाला पडदा किती प्रतिसाद देतो ते मोजणारी तपासणी) करून घ्या. ईआरजीत रॉड पेशी (अंधुक उजेडात बघणाऱ्या, प्र. ३) किती काम करतात ते थेट मोजता येतं, आणि पडदा वरून ठीक दिसत असतानाही त्यात बिघाड पकडता येतो.

३. उजेड पडल्यावर पडद्यात काय होतं ते सोप्या भाषेत सांगाल का?

पडद्यात उजेड ओळखणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी आहेत. रॉड साधारण १२ कोटी, त्या अंधुक उजेडासाठी. कोन साधारण ६० लाख, त्या दिवसा, रंग आणि बारीक काम यांच्यासाठी, आणि त्या मध्यभागी दाटीने असतात.

आता रॉडकडे बघू. लोकांना वाटतं उजेड पडला की पेशी चालू होते. प्रत्यक्षात उलटं आहे. अंधारात रॉडमध्ये सीजीएमपी नावाचा एक छोटा रेणू भरपूर असतो, तो पेशीच्या भिंतीतल्या वाटा उघड्या धरून ठेवतो, त्यातून सोडियम आणि कॅल्शियम सतत आत येत राहतं, आणि पेशी पुढच्या पेशीवर ग्लुटामेट सोडत राहते. उजेडाचा एक कण ऱ्होडोप्सिनवर आदळला की ऱ्होडोप्सिन ट्रान्सड्युसिनला जागं करतं, ट्रान्सड्युसिन पीडीई६ या एन्झाइमला, आणि पीडीई६ सीजीएमपी तोडायला लागतं. सीजीएमपी कमी झालं, वाटा बंद, सोडियम-कॅल्शियम थांबलं, ग्लुटामेट कमी. ग्लुटामेट कमी झालं हाच मेंदूकडे जाणारा निरोप.

एवढं लक्षात ठेवा: अंधारात आत आलेलं सोडियम बाहेर फेकायला पंप चालू ठेवावे लागतात, म्हणून रॉडला सगळ्यात जास्त ऊर्जा अंधारात लागते. पडदा शरीरातल्या सगळ्यात जास्त ऑक्सिजन खाणाऱ्या ऊतींपैकी आहे आणि हे प्र. ६ मध्ये परत येणार आहे.

४. यात अ जीवनसत्त्व कुठं येतं?

ऱ्होडोप्सिनच्या पोटात अ जीवनसत्त्वापासून बनलेला एक रेणू बसलेला असतो, ११-सिस रेटिनाल. तो वाकडा असतो. उजेड पडला की तो सरळ होतो आणि त्या हालचालीनेच सगळी साखळी सुरू होते. सरळ झालेला रेणू परत कामाचा नसतो, तो रॉडमधून मागच्या आरपीई पेशींच्या थरात जातो, तिथं आरपीई६५ नावाचं एन्झाइम त्याला पुन्हा वाकडं करतं, आणि तो रॉडमध्ये परत येतो. डोळ्यातलं हे अ जीवनसत्त्वाचं काम उलगडणाऱ्या जॉर्ज वॉल्ड यांना १९६७ मध्ये नोबेल मिळालं.

या चक्रात कुठंही खीळ बसली की आजार, पण खीळ कुठं बसली त्यावर आजार बदलतो. आरपीई६५ बिघडलं तर वाकडा रेणू मिळतच नाही आणि मूल जवळजवळ जन्मापासून कमी बघतं. दुसरीकडे एबीसीए४ बिघडलं तर सरळ झालेला रेणू अडकून साठत जातो (प्र. १०). चक्र एकच, पण एकात टंचाई आणि दुसऱ्यात साठा.

५. मग आरपीत रॉड पेशी मरते कशाने? जीन बिघडला म्हणजे पेशीला नक्की काय होतं?

याला एक उत्तर नाही, चार मुख्य वाटा सांगते.

पहिली, सीजीएमपी साठण्याची. वर सांगितलेलं पीडीई६ जन्मतः बिघडलेलं असेल तर सीजीएमपी तुटतच नाही. वाटा प्रमाणाबाहेर उघड्या राहतात, कॅल्शियम आत येत राहतं, शिवाय सीजीएमपीवर चालणारी इतर एन्झाइम्स भलतीकडेच जोर करतात, आणि पेशी स्वतःला संपवण्याचा कार्यक्रम सुरू करते. हे आपल्याला कळलं उंदरांमुळे. हार्वर्डच्या क्लाइड कीलर यांनी १९२४ मध्ये पडद्यात रॉडच नसलेल्या उंदरांबद्दल लिहिलं होतं. अशाच जन्मतः रॉड झडणाऱ्या उंदरांच्या पडद्यात १९७४ मध्ये डेबोरा फार्बर आणि रिचर्ड लॉली यांनी सीजीएमपी वाढलेलं दाखवलं, आणि ते पेशी मरायच्या आधी वाढतं हे महत्त्वाचं, म्हणजे ते मरण्याचा परिणाम नाही. या उंदरांचे जवळजवळ सगळे रॉड तीन आठवड्यांत जातात. माणसात हेच हळू, वर्षानुवर्षं चालतं.

दुसरी, प्रोटीनची घडी चुकण्याची. ऱ्होडोप्सिन ३४८ अमायनो आम्लांची साखळी आहे. १९९० मध्ये सापडलेला पी२३एच हा बदल म्हणजे २३ व्या जागी प्रोलीनऐवजी हिस्टिडीन, बस, एवढंच. पण त्याने साखळीची घडी नीट बसत नाही, चुकीचं प्रोटीन पेशीच्या आत अडकतं आणि ते साफ करण्याच्या ताणाखाली पेशी दमते. रॉड रोज प्रचंड प्रमाणात ऱ्होडोप्सिन बनवते, त्यामुळे हा ताण एखाद दिवसाचा नाही.

तिसरी, कचरा न उचलला जाण्याची. रॉडच्या टोकाचा साधारण दहावा भाग रोज गळून पडतो आणि आरपीई पेशी तो गिळतात, म्हणजे दहा-एक दिवसांत आख्खं टोक नवीन. एमईआरटीके जीन बिघडला की गिळणं थांबतं, गळलेला माल रॉड आणि आरपीईच्या मध्ये साचतो आणि रॉडला मागून मिळणारं पोषण तुटतं.

चौथी, प्र. ४ मधल्या चक्राची. तिथं पेशी बऱ्याच काळ जिवंत असते पण उपाशी, आणि म्हणूनच जीन थेरपी आधी तिथं चालली (प्र. १७).

६. रिपोर्टमध्ये लिहिलंय दोष रॉडच्या जीनमध्ये आहे, कोनच्या जीन्स ठीक आहेत. मग माझी मधली नजर का जातेय?

हा मला आलेला सगळ्यात चांगला प्रश्न आहे आणि माझ्या मते आरपीतला सगळ्यात महत्त्वाचाही, कारण माणूस फक्त कोनवर नोकरी करू शकतो, वाचू शकतो, चेहरे ओळखू शकतो. कोन वाचवता आले तर आरपी असूनही आयुष्य बरंच नेहमीसारखं चालू शकतं.

कोनमध्ये स्वतःचा दोष नसतो. त्या मरतात कारण रॉड गेल्यावर त्यांच्या भोवतीचं सगळं रसायन बदलतं. घरातला कमावता माणूस गेल्यावर मागे राहिलेल्यांचं जे होतं तसं काहीसं. दोन गोष्टी पक्क्या माहीत आहेत.

एक, साखर. कोनना ग्लुकोज खूप लागतं आणि पडद्याची सवय अशी की ऑक्सिजन असतानाही तो बरंचसं ग्लुकोज लॅक्टेटपर्यंतच जाळतो, हे ऑटो वॉरबर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवलेलं आहे. रॉड पेशी एक प्रोटीन बाहेर सोडतात, आरडीसीव्हीएफ. पॅरिसच्या जोसे-आलँ साहेल आणि तिएरी लेव्हेयार यांच्या गटाने ते २००४ मध्ये ओळखलं आणि २०१५ मध्ये दाखवलं की ते कोनच्या भिंतीवरच्या दारातून ग्लुकोज आत यायला मदत करतं. रॉड मेल्या की हे प्रोटीन बंद, आणि साखर रक्तात असूनही कोन उपाशी. (लगेच विचाराल म्हणून सांगते, गोड जास्त खाऊन हे भरून निघत नाही. अडचण साखर मिळण्याची नाही, आत शिरण्याची आहे.)

दुसरं, ऑक्सिजन. पडद्याच्या मागच्या रक्तवाहिन्यांच्या थरातून ऑक्सिजन येतच राहतो, तो थर गरजेप्रमाणे पुरवठा फारसा कमी करत नाही. रॉड होते तोवर ते तो संपवत होते. रॉड गेल्यावर तोच ऑक्सिजन कोनभोवती जास्त होतो, त्यातून अतिक्रियाशील रेणू तयार होतात आणि ते कोनच्या पापुद्र्यातली चरबी, प्रोटीन, डीएनए यांना इजा करतात. पडद्याच्या पेशींच्या टोकांत डीएचए हे चटकन खराब होणारं फॅटी अॅसिड भरपूर असतं, म्हणून हा मार बसतो. एनएसी (एन-अॅसिटिलसिस्टीन, खोकल्यासाठी मिळणारं औषध) याची चाचणी यावरच उभी आहे, ते प्र. १२ मध्ये.

७. डॉक्टर म्हणाले पडद्यावर काळे डाग आहेत आणि नसा बारीक झाल्यात. काळं कुठून आलं?

काळं म्हणजे मेलॅनिन, आणि ते आरपीई पेशींचं. रॉड गेल्यावर आरपीई पेशींचा आधार सुटतो, काही पेशी आपली जागा सोडून पडद्यात शिरतात आणि रक्तवाहिन्यांना चिकटून बसतात, म्हणून डाग फाटे फुटल्यासारखे दिसतात. डाग हे उशिराचं चिन्ह आहे, डाग नसलेला आरपीही असतो, त्यामुळे "डाग वाढले का" यावर आजार मोजू नका. वाहिन्या बारीक होण्यामागे एक मोठं कारण प्र. ६ मधला जास्तीचा ऑक्सिजन मानतात: ऑक्सिजन जास्त मिळाला की पडद्याच्या वाहिन्या आकसतात. म्हणून "रक्तपुरवठा वाढवायची" औषधं इथं उपयोगाची नाहीत, आणि कुणी विकत असेल तर घेऊ नका.

८. रॉड-कोन गेले तरी पडद्याचा बाकीचा भाग शाबूत राहतो ना? पुढे काही उपचार निघाले तर चालतील ना?

काही भाग शाबूत राहतो, पण जसाच्या तसा नाही. पूर्वी समज होता की रॉड-कोन गेले की मागची जोडणी तशीच वाट बघत पडून राहते. युटा विद्यापीठातल्या रॉबर्ट मार्क आणि ब्रायन जोन्स यांच्या गटाने पडद्यातल्या प्रत्येक पेशीत कोणता छोटा रेणू किती आहे ते मोजून बघितलं, म्हणजे ग्लुटामेट, ग्लुटामिन, टॉरिन, गाबा असे, आणि चित्र वेगळं निघालं.

निरोगी पडद्यात म्युलर पेशी नावाच्या आधार देणाऱ्या पेशी असतात. त्या सांडलेलं ग्लुटामेट उचलून त्याचं ग्लुटामिन करतात, आणि हे काम ग्लुटामिन सिंथेटेज हे एन्झाइम करतं. निरोगी पडद्यात शेजारच्या दोन म्युलर पेशींचं रसायन जवळजवळ सारखं असतं. ऱ्होडोप्सिनचा दोष दिलेल्या सशांच्या पडद्यात मात्र शेजारी शेजारी असलेल्या म्युलर पेशींत हे एन्झाइम वेगवेगळ्या पातळीवर सापडलं. म्हणजे आजार रॉडच्या जीनचा, पण गोंधळ अशा पेशींमध्ये ज्यांचा त्या जीनशी संबंधच नाही.

त्यात भर म्हणजे रॉड-कोनकडून ग्लुटामेट येईनासं झालं की पुढच्या बायपोलर पेशी आपले फाटे मागे घेतात, त्यांच्यावरचे ग्लुटामेट ओळखणारे रिसेप्टर बदलतात, न्यूरॉन नवीन पण चुकीच्या जोडण्या करतात, आणि म्युलर पेशी व्रणासारखा एक थर तयार करतात. शेवटच्या थरातल्या गँग्लियन पेशी, ज्या मेंदूला तार देतात, त्यातल्या बऱ्याच टिकून राहतात.

हे वाचून घाबरायचं नाही, पण उपचारांची बातमी वाचताना एक प्रश्न विचारायची सवय लावा: हा उपचार कोणत्या पेशी जिवंत असल्या तर चालतो?

९. डोळे मिटले तरी चमचम, ठिपके, फिरता उजेड दिसतो. वेड लागतंय का मला?

अजिबात नाही. आरपीत हे खूप जणांना होतं आणि लाजेने कुणी बोलत नाही. रॉड-कोन झडलेल्या उंदरांच्या पडद्यातल्या पेशी बाहेरून काही आलेलं नसतानाही आपणहून ठेक्यात सिग्नल पाठवताना नोंदवल्यात, कारण प्र. ८ मधल्या जोडण्या बदललेल्या असतात. दमल्यावर किंवा जागरणाने जास्त जाणवतं असं बरेच जण सांगतात. अपवाद एकच: अचानक नवीन चमक, सोबत काळ्या माश्यांचा पाऊस किंवा पडदा ओढल्यासारखं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, पडदा सुटण्याची ती खूण असू शकते आणि त्याचा आरपीशी संबंध नसेलही.

१०. अ जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या घेऊ का? एका नातेवाइकाला डॉक्टरांनीच दिल्या होत्या.

दिल्या असतील, त्याला कारण आहे. १९९३ मध्ये हार्वर्डच्या एलियट बर्सन यांच्या ६०१ पेशंटच्या अभ्यासात रोज १५,००० युनिट घेणाऱ्यांची ईआरजी थोडी हळू घसरली असं आलं, आणि ४०० युनिट ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांची उलट जास्त वेगाने. त्यावर पुढची बरीच वर्षं जगभर गोळ्या दिल्या गेल्या. २०२३ मध्ये त्याच जुन्या माहितीचं जीनप्रमाणे पुन्हा विश्लेषण झालं आणि एकंदर फायदा दिसला नाही. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे, सरसकट घेऊ नका. हा डोस वर्षानुवर्षं लिव्हर आणि हाडांवर येतो, आणि गरोदरपणात किंवा मूल होऊ द्यायचा विचार असताना तर बाळाला थेट धोका.

आणि एबीसीए४ चा दोष असेल तर जास्तीचं अ जीवनसत्त्व नकोच. तिथं सरळ झालेलं रेटिनाल पापुद्र्यातल्या चरबीशी जोडलं जाऊन ए२ई सारखे विषारी रेणू बनतात आणि आरपीईत साठतात, तुम्ही गोळी घेतली की त्याच साठ्याला माल पुरवता. एबीसीए४ म्हटलं की स्टारगार्ट आजार आठवतो, ज्यात मधली नजर आधी जाते, पण याच जीनने कोन-रॉड डिस्ट्रॉफी होते आणि कधी कधी हुबेहूब आरपीसारखं चित्रही होतं. म्हणजे फाइलवर "आरपी" लिहिलेल्या माणसाचा जीन एबीसीए४ निघू शकतो. जीन माहीत नसताना ही गोळी सुरू करू नका असं मी सगळ्यांना सांगते ते यामुळे.

११. आहाराने थांबतो असा कुठला आरपी असतो का?

असतो! फार थोडे प्रकार, पण ते चुकले तर वाईट वाटतं, कारण तिथं खरंच काहीतरी करता येतं.

रेफसम आजारात फायटॅनिक अॅसिड नावाचं फॅटी अॅसिड शरीराला मोडता येत नाही आणि ते साठतं. ते येतं रवंथ करणाऱ्या जनावरांच्या चरबीतून: तूप, लोणी, सायीचं दूध, चीज, मटण, शिवाय काही मासे. पालेभाज्यांतल्या हरितद्रव्यात त्याचं मूळ असलं तरी आपलं पोट ते फारसं सोडवू शकत नाही. खुणा: आरपीसोबत वास न येणं, कोरडी खवल्यांची त्वचा, हातापायांत बधिरपणा, चालताना तोल जाणं. रक्तातलं फायटॅनिक अॅसिड मोजता येतं आणि आहार बदलून ते खाली आणता येतं. इथं एक धोक्याची गोष्ट नीट वाचा: कडक उपवास किंवा झपाट्याने वजन उतरवणं या लोकांनी करायचं नाही, कारण अंगातली चरबी वितळली की साठलेलं फायटॅनिक अॅसिड एकदम रक्तात येतं आणि नसांवर, हृदयावर परिणाम होऊ शकतो. निर्जळी एकादशी, नवरात्राचे नऊ दिवस, सगळं डॉक्टरांना विचारूनच.

गायरेट अॅट्रॉफीत ऑर्निथिन हे अमायनो आम्ल मोडणारं ओएटी एन्झाइम नसतं आणि रक्तातलं ऑर्निथिन नेहमीच्या १० ते २० पट होतं. लहानपणापासून मोठा मायनस नंबर, लवकर मोतीबिंदू, पडद्याच्या कडेला गोल गोल झिजलेले चट्टे. काहींना बी६ जीवनसत्त्वाने ऑर्निथिन कमी होतं, बाकीच्यांना आर्जिनिन (ज्यापासून ऑर्निथिन बनतं) कमी असलेला, म्हणजे मोजून मापून कमी प्रोटीनचा आहार पाळावा लागतो. आपल्या स्वयंपाकात अडचण येते ती शेंगदाण्याच्या कुटाची आणि तिळाची, दोन्हीत आर्जिनिन भरपूर. हे आहारतज्ज्ञाशिवाय करू नका, मुलांची वाढ खुंटते.

तिसरा अबेटालायपोप्रोटिनेमिया. लहानपणी तेलकट जुलाब, वजन न वाढणं, आणि चरबीत विरघळणारी अ आणि ई जीवनसत्त्वं अंगी न लागणं. लवकर ओळखून ती मोठ्या डोसमध्ये दिली तर पडदा बराच वाचवता येतो. म्हणजे प्र. १० मध्ये ई जीवनसत्त्व नको म्हटलं आणि इथं तेच औषध आहे. यात विरोधाभास नाही, बिघाड वेगळा आहे.

१२. एनएसीच्या गोळ्या खोकल्यासाठी मेडिकलमध्ये मिळतात. आरपीला चालतात म्हणे, आपणच सुरू करू का?

कल्पना चांगली आहे, प्र. ६ मधला ऑक्सिजनचा मार कमी करायची. जॉन्स हॉपकिन्सच्या पीटर कँपोकियारो यांच्या गटाने ३० पेशंटवर छोटा अभ्यास केला, २०२० मध्ये छापला, त्यात मधल्या नजरेत थोडी सुधारणा दिसली, पण तिथं तुलनेसाठी बिनऔषधाचा गट नव्हता. म्हणून २०२३ मध्ये एनएसी अटॅक नावाची मोठी चाचणी सुरू झाली, ज्यात साधारण एक तृतीयांश लोकांना खोटी गोळी आहे. आपापल्या मनाने डोस ठरवून घेऊ नका, चाचणीतला डोस खोकल्याच्या डोसपेक्षा बराच मोठा आहे, पोट बिघडतं, दमा असणाऱ्यांना त्रास होऊ शकतो. डॉक्टरांशी बोला, काही डॉक्टर विचार करून देतात.

१३. मध्यभागी सूज आली म्हणून लघवीची गोळी दिलीय. डोळ्याला लघवीची गोळी कशी?

ती बहुतेक अॅसिटाझोलामाइड असणार, किंवा त्याच वर्गातले डॉर्झोलामाइडचे थेंब. आरपीत मधल्या भागात पाणी साठणं बऱ्याच जणांना होतं. आरपीई पेशी पडद्याखालचं पाणी सतत मागे उपसत असतात, आणि कार्बोनिक अॅनहायड्रेज हे एन्झाइम दाबलं की तो उपसा वाढतो. म्हणजे काम डोळ्यातलंच आहे, लघवी हा जोडीचा परिणाम. बोटांना मुंग्या, तोंडाची चव बदलणं हे होतं. सल्फाची अॅलर्जी किंवा मुतखडा असेल तर आधी सांगा. आरपीतला हा इलाज होण्याजोगा भाग आहे, त्यामुळे नजर अचानक धूसर झाली तर "आरपीच वाढला असेल" म्हणून घरी बसू नका, ओसीटी (पडद्याच्या थरांचा स्कॅन) करून घ्या. मोतीबिंदूही आरपीत लवकर येतो, तोही काढता येतो.

१४. आरपी असताना टाळायला हवीत अशी नेहमीची औषधं कोणती?

दोन जी लोक विचारायला लाजतात किंवा ज्यांचा डोळ्याशी संबंध असेल असं वाटतच नाही.

सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रा वर्गातली गोळी. ती पीडीई५ अडवते, पण त्याचा सख्खा भाऊ पीडीई६ पडद्यात आहे आणि तोही थोडा अडतो, निरोगी माणसाला कधी कधी सगळं निळसर दिसतं ते त्यामुळेच. तुमचा दोष पीडीई६ मध्ये असेल तर प्र. ५ मधली पहिली वाट आठवा. गोळीच्या माहितीपत्रकातही आरपीसाठी सावधगिरी लिहिलेली असते. हे औषध फुप्फुसांच्या रक्तदाबासाठीही देतात, तिथं स्वतः बंद करू नका, दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलू द्या.

दुसरं आयसोट्रेटिनॉइन, मुरुमांसाठी. ते प्र. ४ मधलं चक्र मंदावतं आणि निरोगी माणसांतही रात्रीचं दिसणं कमी झाल्याचं नोंदलेलं आहे. आरपी असलेल्या कॉलेजच्या पोरापोरींनी स्किनच्या डॉक्टरांना आरपी आहे हे सांगायचंच.

१५. आमच्यात मामाच्या मुलीशी लग्न होतं, पिढ्यानपिढ्या झालंय. त्यामुळे आलं का?

शक्यता वाढते, हो. अनेक जीन्समध्ये दोन्ही प्रती बिघडल्या तरच आजार होतो, एक चांगली प्रत असली तर तेवढं एन्झाइम पुरतं. नात्यातल्या दोघांकडे एकाच आजी-आजोबांकडून आलेली तीच बिघडलेली प्रत असण्याची शक्यता जास्त, म्हणून मुलात दोन्ही जुळून येतात. आपल्याकडे प्रमाण जास्त असण्याचं हे एक मोठं कारण मानतात. पण हे वाचून कुणी सुनेला किंवा आईला बोल लावू नये, प्रत दोघांकडून येते, अर्धी-अर्धी, यात बाईचा वेगळा दोष नाही. आणि नात्यात लग्न नसलेल्या घरातही आरपी होतो.

१६. आईचे डोळे ठणठणीत. मामाला आरपी आणि आता मला. मधली पिढी सुटली कशी?

तुम्ही मुलगा असाल तर आधी एक्स गुणसूत्रावरचा आरपीजीआर जीन बघतात. आईकडे दोन एक्स असतात, त्यातला एक चांगला, म्हणून ती निभावते, पण तिचा पडदा तपासला तर कधी सौम्य खुणा दिसतात.

दुसरी शक्यता फार विलक्षण आहे, पीआरपीएफ३१. यात एक प्रत बिघडली तरी आजार होतो, पण सगळ्यांना नाही. ज्यांची दुसरी, चांगली प्रत जास्त जोरात काम करते त्यांच्यात प्रोटीन पुरेसं राहतं आणि ते आयुष्यभर नीट बघतात, तरी बिघडलेली प्रत मुलांना देऊ शकतात. गंमत म्हणजे पीआरपीएफ३१ शरीरातल्या प्रत्येक पेशीत जीनच्या निरोपांची काटछाट करायला लागतं, तरी बिघाड दिसतो फक्त पडद्यात.

याहून दुर्मीळ: पीआरपीएच२ या जीनची एक बिघडलेली प्रत एका पालकाकडून आणि आरओएम१ या जीनची एक बिघडलेली प्रत दुसऱ्याकडून, दोघंही निरोगी, मुलाला आरपी. १९९४ पासून हे माहीत आहे.

१७. जीन थेरपी आली ना? मग एवढं सगळं वाचायचं कशाला?

आली, पण आरपीई६५ साठी. लक्स्टर्ना डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली, दोन डोळ्यांची किंमत तेव्हा ८.५ लाख डॉलर. दोन्ही प्रती बिघडलेल्या हव्यात आणि पुरेशा पेशी जिवंत हव्यात, दुसऱ्या जीनच्या पेशंटला तिचा काही उपयोग नाही.

ज्यांचे रॉड-कोन गेलेत त्यांच्यासाठी वेगळी वाट आहे: टिकून राहिलेल्या गँग्लियन पेशींनाच (प्र. ८) शेवाळातलं उजेड ओळखणारं प्रोटीन द्यायचं. २०२१ मध्ये साहेल आणि बोटोंड रोस्का यांच्या गटाने एका ५८ वर्षांच्या अंध आरपी पेशंटबद्दल छापलं, खास गॉगल लावून त्याला टेबलावरच्या वस्तू कुठं आहेत ते कळू लागलं. वाचता येत नाही, चेहरे नाही. पण इथं जीन कुठला बिघडलाय याने फरक पडत नाही, म्हणून मला ही दिशा फार मोलाची वाटते.

पैसे घेऊन "स्टेम सेल" डोळ्यात टोचणाऱ्यांकडे जाऊ नका. खऱ्या चाचणीत पेशंटकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत. भारतातली चाचणी सीटीआरआयच्या सरकारी यादीत नोंदलेली असते, आणि ती यादी कुणालाही ऑनलाइन बघता येते.

१८. ऊन आणि मोबाइलच्या उजेडाने वाढतो का?

ऱ्होडोप्सिनचा टी४आर हा बदल असलेल्या कुत्र्यांमध्ये डोळे तपासताना वापरतात तेवढ्या उजेडानेही पडदा झडायचा वेग वाढलेला दिसलाय. माणसात सगळ्या जीन्सना हे लागू होतं असं सिद्ध नाही. उन्हात गॉगल आणि टोपी वापरा, झळाळी कमी होते, आराम पडतो. मोबाइलचा उजेड उन्हाच्या मानाने नगण्य आहे, मुलांचा अभ्यास त्यासाठी बंद करू नका. सिगरेट मात्र सोडाच, प्र. ६ मधला मार ती वाढवते.

१९. जीन टेस्ट केली, पैसे गेले, आणि रिपोर्टमध्ये "अर्थ अनिश्चित" असा बदल लिहून आला. आता?

हे खूप जणांचं होतं आणि टेस्ट वाया गेली असं समजू नका. त्याचा अर्थ बदल सापडलाय, पण तो आजार करतो का हे सांगायला पुरावा कमी आहे. आई-वडील आणि भावंडांचे नमुने तपासले की बरंच उलगडतं: दोन बदल असतील तर ते एकेक प्रतीवर आहेत की दोन्ही एकाच प्रतीवर, हे सहसा पालकांच्या नमुन्यांतून कळतं. काही वेळा रक्तातलं रसायनच जीनला पुष्टी देतं, ऑर्निथिन किंवा फायटॅनिक अॅसिड वाढलेलं निघालं तर अनिश्चित बदल एकदम निश्चित होऊ शकतो. लॅबकडून मूळ डेटाची फाइल मागून घ्या, आणि दोनेक वर्षांनी तीच फाइल पुन्हा तपासायला सांगा, नवीन माहिती आली की जुन्या रिपोर्टचा अर्थ बदलतो आणि पुन्हा रक्त द्यावं लागत नाही. रिपोर्टचा फोटो मला पाठवलात तर शब्द समजावून सांगेन, पण अर्थ लावायचं काम जेनेटिक काउन्सेलरचं आहे, मोठ्या डोळ्यांच्या हॉस्पिटलांत ते असतात, भेटीची वेळ घेताना आधीच विचारा.